तीनचाकीखाली हातभर जागा

तेडा उबेन तीनचाकीखाली अडकली त्या दुपारी मी खिडक्या पुसत होते. कालव्यापलीकडून तिच्या नवऱ्याची, ओनोची हाक आली. दुखण्याने ओनोचा आवाज इतका बारीक झालाय की एरवी तो शेजारच्या खुर्चीतही नीट ऐकू येत नाही. तो आवाज पाणी ओलांडून आला म्हणजे काहीतरी भलतंच, हे मला कळलं. फडकं तिथेच टाकून मी पुलावरून पळत सुटले.

ओनो शेडच्या दारात आडवा पडला होता. हाक मारायला म्हणून घाईने बाहेर येताना पाय अडखळला होता त्याचा. मी उचलायला वाकले, तर त्याने मानेनेच नको म्हणून आत बोट दाखवलं. आत तीनचाकी उभी होती आणि तिच्या खालून रबरी बूट घातलेले दोन पाय बाहेर आले होते.

"कोण आलंय?" बुटांच्या पलीकडून तेडाने विचारलं. आवाज अगदी शांत. "गेशे असेल तर तिला म्हणावं, घरी जा. गावभर होईल."

शेजारची गेशे माझ्या पाठीमागेच उभी होती, धापा टाकत.

झालं होतं असं, की इंजिनाचं तेल बदलायला म्हणून तेडाने गाडी एका बाजूने जॅकवर चढवली होती. आमच्याकडची जमीन मूळची दलदल. वरून विटा अंथरल्या तरी आतून ती मऊच राहते. जॅक विटेसकट हळूहळू खाली गेला आणि गाडी तेडाच्या छातीवर येऊन टेकली. पुरती नाही, पण स्वेटर दाबला गेला, आणि तेडाचं अंगही काही काडीसारखं नाही. पुढे सरकता येईना, मागे जाता येईना. गेशे, मी आणि पाठोपाठ आलेले आमचे हे, अशा तिघांनी एक बाजू उचलून धरली तेव्हा ती कोपरांवर सरपटत बाहेर आली. केसांत भुसा, गालावर काळा पट्टा. आभार वगैरे काही नाही. म्हणाली, "बोल्ट हातात आलाच होता."

मग तिचं लक्ष दारात पडलेल्या ओनोकडे गेलं आणि बोल्टचं बोलणं तिथेच सोडून ती त्याला उचलायला गेली.

दोघांचा मुलगा वियार्ड ब्रेमेनला असतो. गेशेच्या कृपेने संध्याकाळच्या आत त्याला सगळं कळलं, आणि रविवारी तो आलाच. भांडण असं झालं नाही. वियार्ड आवाज चढवणारा नाही, तो समजावतो, आणि ते ऐकून घेणं जास्त अवघड असतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की तू खाली अडकणार, तुला सोडवायला बाबा पळणार आणि पडणार, आणि हे आता दर वर्षी होणार. गाडी विकू या. त्याच्या ओळखीत एक माणूस होता, ईस्टरनंतरच्या मंगळवारी बघायला येतो म्हणाला होता.

तेडाने भांडी विसळता विसळता ते ऐकलं. मग हात पुसून म्हणाली, "मंगळवारच्या आत मी तेल बदललं तर? एकटीने. कुणी न उचलता."

वियार्ड म्हणाला, "आई, आणि मला खाली वाकून बघता आलं पाहिजे, तू कसं केलंस ते. नुसतं झालं म्हणून चालणार नाही."

"चालेल," ती म्हणाली.

आता ही तीनचाकी म्हणजे काय, ते सांगायला हवं. पुढून बघावं तर मोठी लांब पल्ल्याची मोटरसायकल, रुंद काच, रुंद हँडल. मागे मात्र एकाऐवजी दोन चाकं, आणि त्यांच्या मध्ये आरामखुर्चीसारखी पाठ असलेली दुसरी बैठक. त्या बैठकीवर ओनो बसतो. तो तरुणपणी स्वतः मोटरसायकल चालवायचा आणि तेडा मागे बसायची. मग त्याचे हात थरथरायला लागले, मग पाय, आणि दोन चाकांवर मागे बसून तोल सांभाळणंही त्याला जमेनासं झालं. तेव्हा तेडाने दोन चाकांची विकून ही आणली आणि स्वतः पुढे बसली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. या कालव्यावरच्या निम्म्या घरातल्या माणसांना तिनेच पोरवयात शाळेत पोचवलंय, धुक्यात, बर्फात, एकाही पुलाचा कठडा न घासता.

एकदा समुद्राच्या बांधाजवळ ते दोघं मला भेटले. गाडीचं इंजिन चालूच होतं. मी ओनोला विचारलं, कसं वाटतं मागे? तो म्हणाला, "गाडी हलते ना, तेव्हा मी हलतोय हे कुणाला कळत नाही."

म्हणून तेडाला ती गाडी विकायची नव्हती. तिने हे कुणाला बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती.

पण या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर. साधी मोटरसायकल स्टँडवर कलते, बाजूने हात घालता येतो. ही तीन पायांवर बसल्या म्हशीसारखी, ना कलत ना सरकत. तेलाचा बोल्ट पार आत, इंजिनाच्या तळाच्या मधोमध. गॅरेजमध्ये न्यावी, तर आमच्या जवळच्या गॅरेजात मोटरसायकल उचलायचं टेबल अरुंद, दोनच चाकांचं. आणि मोटारी उचलायच्या लिफ्टचे हात हिच्या खाली कुठेच नीट बसत नाहीत. ज्याला हे काम येत होतं तो म्हातारा दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला. दुसरा एक आहे, पार दूर, आणि त्याने भर उन्हाळ्यातली तारीख दिली. तेल तर मागच्या वर्षीचंच, काळंकुट्ट. तशी गाडी तेडा अंगणाबाहेर काढणार नव्हती.

बस डेपोत खड्डा असायचा. बस वर, माणूस खाली उभा. तेडाच्या मनात पहिल्यांदा तोच आला. आमचे हे हसले. इथे फावडं मारलं की गुडघाभर खाली पाणी लागतं. खड्डा खणला असता तर तेल बदलायच्या आधी त्यात बदकं आली असती. आणि चढ म्हणावा तर आमच्या मुलखात चढ नाहीच. सायकलवरचं पोर पुलावर चढतं तेवढीच आमची टेकडी. म्हणजे खाली जाता येत नाही, उतार मिळत नाही. उरलं काय, तर गाडीच वर न्यायची, आणि तिन्ही चाकं एकदम. नुसती मागची दोन चढवली तर गाडी नाकावर येते, तेल पुढे जमतं, निम्मं आतच राहतं.

तेडाने आधी स्वतःला मोजलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी अंडी द्यायला गेले होते, तर ही स्वयंपाकघरात बाकाशेजारी फरशीवर उताणी, हातात लाटणं, आणि ते पान्यासारखं डोक्यावर फिरवतेय. ओनो खुर्चीत बसून बाकाच्या पायावर पेन्सिलीने खूण करत होता. खूण वाकडीतिकडी होत होती.

"नुसती झोपायला जागा पुरत नाही," तिने मला खालूनच समजावलं. "झोपले तर गेल्या वेळीही होते. कोपर फिरायला जागा पाहिजे."

ओनो म्हणाला, "श्वास घे एकदा. रागावलीस की फुगतेस, तेही धर."

तिने मोठा श्वास घेतला आणि त्याने त्याची वेगळी खूण केली.

त्या वरच्या खुणेवरून तिने काम काढलं. जाड फळ्या आणल्या, एकीवर एक रचून पायऱ्या केल्या. खालची लांब, वरची आखूड, म्हणजे चाक एकेक पायरी चढत जाईल. सगळ्यांत वर सपाट जागा आणि तिच्या टोकाला आडवा ठोकळा, चाक पुढे निसटू नये म्हणून. अशा तीन शिड्या. दोन मागच्या चाकांसाठी, एक पुढच्यासाठी मधोमध. आणि मधली बरोबर पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराइतकी पुढे मांडायची, म्हणजे तिन्ही चाकांना पहिली पायरी एकाच क्षणी लागते. हे तिने शेडच्या जमिनीवर खडूने आखून घेतलं. खाली रुंद लोखंडी पत्रे टाकले, विटांनी पुन्हा दगा देऊ नये म्हणून. आठवडाभर तिकडून करवतीचा आवाज येत होता.

गुरुवारी तिने चढवून पाहिली. आणि चाक घसरलं. सारा आठवडा पाऊस, शेडचं छप्पर गळकं, फळ्या भिजून शेवाळासारख्या निसरड्या झालेल्या. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, त्या दिवशी कुणी खिळाही ठोकत नाही. शनिवारी सकाळी ऊन पडलं. तेडाने तिन्ही शिड्या ओढत ओढत रस्त्याच्या कडेला नेल्या, कारण तिथे सगळ्यांच्या आधी ऊन येतं, आणि ओनोला अंघोळ घालायला आत गेली.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, म्हणून तिला दिसलं नाही की रस्त्याच्या कडेला प्रत्येक घरासमोर लाकडांचा ढीग आहे. ईस्टरच्या आदल्या दिवशी असतोच. कुंपणाच्या छाटलेल्या फांद्या, मोडकी खुर्ची, वाळकं झाड, जे असेल ते लोक बाहेर ठेवतात. गावच्या अग्निशमन दलाची मंडळी ट्रॅक्टर घेऊन येतात, सगळं गोळा करतात आणि संध्याकाळी मैदानावर मोठा जाळ होतो. गेशेने तर मदत म्हणून आपल्या कुंपणाच्या फांद्या तेडाच्या फळ्यांवरच आणून ठेवल्या, नीटनेटक्या, देठ एकीकडे.

अंघोळ आटोपून तेडा बाहेर आली तेव्हा कडेला फक्त ओला चौकोन उरला होता.

मी तिला रस्त्यात उभी पाहिलं आणि काय झालं ते न विचारताच समजलं. म्हटलं, आता मंगळवार गेला हिचा. ती मात्र घरात गेली, ओनोला कोट घातला, सायकलमागच्या गाडीत बसवला आणि मैदानाकडे निघाली. ओनोला एकटं ठेवायचं नाही, हे तिने तो पडला त्या दिवसापासून ठरवलं होतं. मीही सायकल काढली.

मैदानावर ढीग घराएवढा उभा होता आणि दलाचे लोक त्याच्या कडेला बसून सॉसेज खात होते. ढीग त्याच दिवशी एकदा उलटून नव्याने रचावा लागतो, कारण आधीपासून साठवलेल्या लाकडात काटेरी इवले प्राणी, बेडूक, पाखरं घर करून बसतात. ते काम नुकतंच संपलं होतं. आणि जाड लाकूड नेहमी तळाला जातं.

हिंदर्क हा दलाचा प्रमुख, एरवी डुकरं पाळतो. त्याने तेडाचं म्हणणं ऐकलं आणि डोकं खाजवलं. इतक्या छान फळ्या दिल्यास म्हणून आम्ही तुझं कौतुकच करत होतो, असं म्हणाला. मग म्हणाला, "पण अगं तेडा, आत्ताच रचून झालाय. तुझ्या फळ्यांसाठी सगळा पुन्हा उलटू का?"

"तू नको. मी उलटते." आणि तिने हातमोजे चढवले.

"तेडा, ऐक तरी."

"हिंदर्क, तू दर सोमवारी माझ्या बसमध्ये ओकायचास. तेव्हा मी कधी म्हटलं का, की बस आत्ताच धुऊन झालीय?"

बाकीचे खो खो हसले. हिंदर्क लाल झाला. तोपर्यंत तेडाने पहिली फांदी ओढली होती. एक, मग दुसरी. कुणाशी बोलत नव्हती, कुणाकडे बघत नव्हती. थोड्या वेळाने एकाने सॉसेज खाली ठेवलं, मग दुसऱ्याने. गेशे आली, आपल्या फांद्या ओळखून ओशाळली आणि मुकाट्याने ओढू लागली. ओनो गाडीत बसून सांगत होता, डावीकडे, खाली, तिथे पांढरं दिसतंय.

मागच्या चाकांच्या दोन्ही शिड्या निघाल्या, एक थोडी खरचटलेली. मधली मात्र निघाली ती तीन तुकड्यांत. बुडाला नीट बसत नव्हती म्हणून कुणीतरी यांत्रिक करवत चालवली होती.

तेडा त्या तुकड्यांकडे बघत उभी राहिली. हिंदर्कला खरंच वाईट वाटलं. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला की उद्या आम्ही चौघं येतो, आमच्याकडे हवेच्या उशा आहेत, ट्रकसुद्धा उचलतात. दहा मिनिटांचं काम, कॉफी पाजलीस तरी पुरे.

मला वाटलं, हो म्हणेल. मी असते तर म्हटलं असतं.

"आणि पुढच्या वर्षी?" तिने विचारलं.

"पुढच्या वर्षीही येऊ."

"आणि त्याच्या पुढच्या? तुम्ही याल रे, मला माहीत आहे. पण मग वियार्डचं खरं ठरलं ना. मला गाडीखाली माझ्या पायांनी जायचंय आणि माझ्या पायांनी यायचंय."

मग तिची नजर बाजूला गेली. ढिगापासून लांब एक जुनी काळी फळी आडवी टाकलेली होती, पुलाची असते तशी, हातभर रुंद, डांबर पाजलेली. असलं लाकूड जाळायला बंदी आहे, तरी दर वर्षी कुणीतरी अंधारात आणून टाकतं. कुणी टाकलं ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. हिंदर्कने ती ढिगातून काढली होती आणि आता तिचं काय करायचं म्हणून शिव्या घालत होता.

तेडाने फळीवर पाय ठेवला, टाचेने दाबलं, घासून बघितलं. डांबरात खडी रुतलेली, वर्षानुवर्षं गाड्या जाऊन जाऊन खरखरीत झालेली.

"ही मला हवी," ती म्हणाली.

"घेऊन जा बाई," हिंदर्क म्हणाला. "मीच आणून टाकतो ट्रॅक्टरने."

"टाक. मग मात्र जा."

संध्याकाळी सारा गाव जाळाभोवती होता. तेडा नव्हती. उबेनांच्या शेडमध्ये दिवा दिसत होता आणि हाताच्या करवतीचा आवाज येत होता; सणाच्या आदल्या संध्याकाळी यांत्रिक करवत लावणं बरं दिसत नाही. आवाज मधूनच थांबायचा. थांबला की आमचे हे म्हणायचे, दमली. मग पुन्हा सुरू व्हायचा.

रविवारी चर्चहून येताना मी त्यांच्याकडे डोकावले. शेडचं दार पुढून बंद, मी मागच्या दाराने गेले. ओनो खुर्चीत, अंगावर रग. तीनचाकी खडूच्या रेघांवर उभी होती, इंजिन नुकतंच गरम केलेलं. तेडाने मला बोटाने भिंतीकडे उभं केलं. मदत करायची नाही, असा त्याचा अर्थ.

ती गाडीवर बसली. शाळेच्या बसमध्ये बसायची तशी, पाठ ताठ, हनुवटी किंचित वर. गाडी इंचाइंचाने पुढे गेली. तिन्ही चाकांना पायरी एकदम लागली, सगळी गाडी एकसारखी उचलली गेली, थबकली. पुन्हा थोडा जोर. दुसरी पायरी. डांबरी फळी कुरकुरली पण चाक घसरलं नाही. शेवटी पुढचं चाक ठोकळ्याला जाऊन भिडलं आणि तिने इंजिन बंद केलं. खाली उतरून तिन्ही चाकांमागे पाचरी ठोकल्या. मग गाडीला दोन्ही हातांनी धरून असं गदगदा हलवलं की मलाच धडकी भरली. गाडी हलली नाही. ती तेवढ्याने समाधानी झाली नाही. दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा हलवली.

मग पुठ्ठा अंथरला, उताणी झाली आणि आत सरकली.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. ओनोचे हात रगाखाली जोरजोरात हलत होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो म्हणाला, "थांब. ती जीभ दातांत धरून आहे."

पाना सटकल्याचा आवाज. पुन्हा. आत ती काहीतरी पुटपुटली, ते मी लिहीत नाही, ईस्टर होता. मग एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला आणि तसराळ्यात तेल पडू लागलं. आधी धार, मग दोरा, मग थेंब.

"कोपर फिरलं," आतून तेडा म्हणाली.

बाहेर येताना ती मुद्दाम सावकाश आली, एका हाताचा आधार घेऊन, जणू दर वर्षी असंच येते. नवं वॉशर, नवा फिल्टर, त्यासाठी पुन्हा दोनदा आत गेली. दोन्ही वेळा गरज नसतानाही थोडा जास्त वेळ थांबली असं मला वाटलं.

सोमवारी वियार्ड आला. तेडाने गाडी खाली उतरवली नव्हती. तिने त्याला कॉफीही विचारली नाही, सरळ शेडमध्ये नेलं आणि पुठ्ठा दाखवला. वियार्डने नवा शर्ट घातला होता. त्याने वाकून बघितलं. तेडा म्हणाली, वाकून नाही, झोपून.

त्याची उंची बापाची आणि रुंदी आईची. तो आत सरकला, खांदे गेले, पोट गेलं. आम्हाला त्याचे बूट तेवढे दिसत होते. त्याने फळ्यांवर मुठी मारून पाहिल्या, पत्र्यावर टाच आपटून पाहिली, ठोकळा ओढून पाहिला. मग तो तसाच पडून राहिला, इतका वेळ की ओनोने विचारलं, झोपलास काय रे?

"मधली फळी कुठून आणलीस?" आतून प्रश्न आला.

"जाळातून," तेडा म्हणाली.

 मग कापड घासल्याचा आवाज झाला. त्याने खिशातून फोन काढला असावा, कारण पुढचं सगळं तो गाडी बघायला येणाऱ्या त्या माणसाशी बोलत होता, तिथेच, गाडीखाली उताणा पडून. उद्या येऊ नका म्हणाला. तिकडून काहीतरी विचारलं असणार.

"नाही, किमतीचा प्रश्न नाही," वियार्ड म्हणाला. "गाडी वापरात आहे."

तेडा तोवर ओनोचा गाडीवर घालायचा कोट आणायला घरात गेली होती.